पहिल्या आवृत्तीचे मोल : सोलापूर आणि चळवळीचे काव्य

ग्रंथसंग्रह करणे हे सुसंस्कृत मनाचे लक्षण मानले जाते. परंतु एखाद्या काव्यग्रंथाची नवी, सुबक आवृत्ती बाजारात सुखाने मिळत असता तिच्याकडे पाठ फिरवून त्याच ग्रंथाच्या जीर्ण, पिवळ्या पडलेल्या पहिल्या आवृत्तीसाठी जो गृहस्थ रद्दीच्या दुकानात तासन्‌तास उकिडवा बसतो, त्याच्याकडे घरची मंडळी काहीशा अनुकंपेनेच पाहतात. कविता तीच, शब्द तेच, मग हा खटाटोप कशासाठी, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ छंदाच्या नावाखाली टाळता येण्यासारखे नाही. विशेषतः, ज्या काव्याने राज्यसत्तेशी, धनसत्तेशी किंवा रूढीशी उघड झुंज घेतली, त्या काव्याच्या बाबतीत तर पहिल्या आवृत्तीचा विचार हा इतिहासाचाच विचार होय.

कविता तीच असते हे गृहीतच मुळी तपासून पाहण्यासारखे आहे. इंग्रज कवी ऑडेन याने स्पेनमधील यादवी युद्धाच्या वेळी ‘स्पेन’ ही दीर्घ कविता लिहिली. १९३७ साली ती लहानशा पुस्तिकेच्या रूपाने निघाली आणि तिचे उत्पन्न स्पेनमधील वैद्यकीय मदतीसाठी देण्यात आले. पुढे ऑडेनची मते बदलली. त्याने तिच्या ओळींत फेरफार केला आणि अखेर १९६६ च्या आपल्या संग्रहातून ती समूळ गाळून टाकली. आता १९३७ साली तरुण पिढीने प्रत्यक्षात काय वाचले, हे ज्यास जाणावयाचे असेल, त्याला त्या मूळ पुस्तिकेवाचून गत्यंतर नाही. कवीला आपले मन बदलण्याचा अधिकार आहे. तथापि झालेली गोष्ट न झाल्यासारखी करण्याचा अधिकार इतिहास कोणास देत नाही. पहिली आवृत्ती ही त्या अर्थाने साक्षीदार आहे, आणि साक्षीदार म्हातारा झाला म्हणून त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही.

आपल्याकडे हा विचार करावयास सोलापूरइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. हे गिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा येथील पेठांतून एकाच वेळी कानांवर पडतात. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता पसरताच या शहरात जो क्षोभ उसळला, त्याचे पर्यवसान गोळीबारात, जाळपोळीत आणि शेवटी १२ मे रोजी पुकारलेल्या लष्करी कायद्यात झाले. तो कायदा जूनअखेरपर्यंत अंमलात होता. राष्ट्रध्वज मिरविणे हाही त्या दिवसांत शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला होता. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांची नावेच सांगतात की ते एका जातीचे नव्हते, एका धर्माचे नव्हते; गाव मात्र एक होते.

अशा गावात काव्य हे दिवाणखान्यातील करमणुकीचे साधन राहणे शक्यच नव्हते. सोलापूरचे कवी कुंजविहारी, म्हणजे हरिहर गुरुनाथ कुलकर्णी, यांचे फाशी जाणाऱ्या तरुणाने आपल्या मातेस उद्देशून गायिलेले गीत त्या काळात महाराष्ट्रभर दुमदुमले. प्रभातफेऱ्यांतून, मेळ्यांतून, शाळकरी मुलांच्या तोंडून ते घरोघर पोहोचले. ज्यांना कवीचे नावही ठाऊक नव्हते, त्यांना ते गीत मुखोद्गत होते. आता संग्राहकापुढे पहिली अडचण येथेच उभी राहते. जे गीत छापील पानावर येण्याआधी लोकांच्या कंठात जाऊन बसले, त्याची पहिली आवृत्ती कोणती म्हणावयाची? एखाद्या वहीत उतरून घेतलेली प्रत? मेळ्याच्या पद्यावलीतील चार पाने? की पुढे कधीतरी निघालेले बांधीव पुस्तक? ग्रंथव्यापाराचे शास्त्र बांधीव पुस्तकास मान देते. परंतु चळवळीच्या काव्याचा इतिहास पाहणारा मनुष्य त्या चार पानांसाठी बांधीव पुस्तक आनंदाने सोडून देईल.

ही चार पाने आज मिळत नाहीत, याचे एक कारण कायद्यात आहे. १९०९ साली गणेश दामोदर सावरकर यांना काही कविता छापून प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हापासून मराठी पद्य हे सरकारच्या दृष्टीने दारूगोळ्यासारखेच धोक्याचे द्रव्य ठरले. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याची आणि तो जप्त करण्याची सोय झाली. १९३० च्या एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला आणि १९३१ साली त्याच धोरणाचा नवा कायदा आला. अशा वेळी मुद्रक पुस्तिकेवर आपले नाव घालीत नसे, किंवा घातलेच तर दुसऱ्याच गावाचे. ज्या घरात अशी पुस्तिका असे, त्या घरातील शहाणी माणसे झडतीच्या भीतीने ती चुलीत घालीत. मराठीतील कितीतरी पहिल्या आवृत्त्या अशा चुलीतच संपल्या. आणि ज्यांनी त्या जाळल्या त्यांना दोष देणे आज आरामखुर्चीत बसून फार सोपे आहे.

यातील दैवाचा खेळ असा की ज्या सरकारने हे साहित्य नष्ट करण्याचा प्रयत्न केला, त्यानेच त्याचा काही भाग जतन करून ठेवला. जप्त केलेल्या साहित्याच्या प्रती कचेरीच्या शिस्तीप्रमाणे दप्तरात जमा होत आणि काही विलायतेस रवाना होत. त्यामुळे हिंदुस्थानात दुर्मीळ झालेली पुष्कळ जप्त पत्रके आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आढळतात. लंडनच्या संग्रहाची छापील सूचीही १९८५ साली प्रसिद्ध झाली. याहून जुना असा दुसरा आधार म्हणजे १८६७ चा मुद्रण व ग्रंथनोंदणीचा कायदा. त्या कायद्यान्वये प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटाबरोबर निघे. त्या यादीत ग्रंथाचे नाव, कर्ता, मुद्रक, पृष्ठसंख्या, किंमत यांच्याबरोबर किती प्रती छापल्या हाही रकाना असे. संग्राहकाला हा रकाना म्हणजे सोन्याची खाणच होय. ज्या पुस्तिकेच्या हजार प्रती निघाल्या आणि ज्यांतील एकही हाती लागत नाही, तिचे दुर्भिक्ष कशाने घडले, याचा विचार करावयास तेथे निश्चित आधार मिळतो.

मराठी ग्रंथांचा असाच शोध एका व्यक्तीने हाती घेतला, त्या शंकर गणेश दाते यांचे स्मरण या प्रसंगी केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांनी मराठी ग्रंथसूचीचे प्रचंड कार्य अंगावर घेतले. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथ त्यांनी नोंदविले. एखादा काव्यसंग्रह प्रथम केव्हा निघाला, कोणी काढला, किती पानांचा होता, हे पडताळून पाहण्यास आजही दात्यांच्या सूचीसारखे दुसरे साधन नाही. जो संग्राहक सूची न चाळता खरेदी करतो, तो होकायंत्राशिवाय समुद्रात शिरतो.

आता शतकाच्या मध्याकडे वळू. १९४० ते १९६२ ही दोन तपे मराठीतील सामाजिक व राजकीय काव्याच्या दृष्टीने विलक्षण समृद्ध आहेत. एखाद्या कपाटाचा एकच खण या काळासाठी राखून ठेवला, तर त्यात कोणती पुस्तके असावीत? प्रारंभी कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांची ‘भग्नमूर्ती’ (१९४०) आणि ‘निर्वासित चिनी मुलास’ (१९४३). यांपैकी दुसरी पुस्तिका सोलापूरकराच्या हृदयास विशेष भिडते. जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनच्या साहाय्यास १९३८ साली जे वैद्यकीय पथक गेले, त्यात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी चीनमध्येच देह ठेवला. कवी एका गावचा, वैद्य दुसऱ्या गावचा. परंतु परक्या देशाचे दुःख आपले मानण्याची वृत्ती दोघांत एकच दिसते.

त्याच खणात कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ (१९४२) हवी. हा संग्रह वि. स. खांडेकरांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रसिद्ध केला. एका थोर कादंबरीकाराने एका तरुण कवीच्या शब्दांवर एवढी श्रद्धा ठेवावी, आणि त्याच वर्षी ‘चले जाव’चा वणवा पेटून त्या शब्दांना देशभर अर्थ प्राप्त व्हावा, हा योगायोग मराठी वाङ्मयात अपूर्व आहे. त्यानंतर बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘काही कविता’ (१९४७). मर्ढेकर हे आकाशवाणीचे अधिकारी. त्यांचे काव्य कोणत्याही पक्षाचे नव्हे. परंतु यंत्रयुगातील माणसाची विटंबना त्यांनी ज्या भाषेत मांडली, तिने खळबळ उडाली. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यातून कवी निर्दोष सुटला. स्वातंत्र्याबरोबर काव्यावरील संशय संपला नाही, याचे हे पुस्तक प्रमाण आहे. १९४९ साली विंदा करंदीकरांची ‘स्वेदगंगा’ आणि शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘नवी मळवाट’ अशी दोन पुस्तके निघाली. दोहोंवर श्रमिकांच्या नव्या तत्त्वज्ञानाचा ठसा स्पष्ट आहे. या मालिकेच्या अखेरीस नारायण सुर्वे यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) ठेवावे. तोपर्यंत कामगारांविषयी बोलणारे कवी पुष्कळ झाले होते. येथे मुंबईच्या कामगारवस्तीत वाढलेला कवी स्वतःच्या तोंडाने बोलू लागला.

या ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या ओळखाव्या कशा, हा व्यवहाराचा भाग आहे आणि त्यात फसगतीला वाव फार. ‘आवृत्ती पहिली’ हे शब्द असले की काम झाले, असे नवशिक्यास वाटते. परंतु पुष्कळ प्रकाशक ते शब्द छापीतच नसत. अशा वेळी अन्य खुणा पाहाव्या लागतात. पहिली खूण शकाची. ग्रंथावर शके १८६४ असेल, तर इसवी सन १९४२ चा मार्च ते १९४३ चा एप्रिल यांतील काळ संभवतो. केवळ अठ्ठ्याहत्तर मिळवून मोकळे झाल्यास वर्षाची चूक होते. दुसरी खूण किमतीची. रुपये-आण्यांतील किंमत ही सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. ‘नवे पैसे’ असे छापले असेल तर पुस्तक त्यानंतरचे, आणि १९६४ च्या सुमारास ‘नवे’ हे विशेषणही गळाले. तिसरी खूण लेखनपद्धतीची. ‘नाहीं’, ‘कांही’, ‘त्यांत’ असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनंतर हळूहळू लोपले. एखाद्या तथाकथित पहिल्या आवृत्तीत ते नसतील, तर संशय घ्यावा. काही मुद्रणालये ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ अशी सुधारलेली बाराखडी वापरीत. तीही काळ ठरविण्यास उपयोगी पडते.

चौथी खूण कागदाची. दुसऱ्या महायुद्धात कागदाची तीव्र टंचाई झाली आणि सरकारने त्यावर नियंत्रण बसविले. त्यामुळे १९४२ ते १९४६ या काळातील पुष्कळ पुस्तके हलक्या, खरखरीत कागदावर, दाटीवाटीच्या अक्षरांत छापलेली दिसतात. युद्धकाळातील म्हणून सांगितलेली प्रत जर गुळगुळीत, जाड कागदाची आणि प्रशस्त समासाची असेल, तर खिशातून पैसे काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शेवटची खूण जाहिरातींची. मलपृष्ठावर त्याच प्रकाशकाच्या ज्या पुस्तकांची यादी असते, त्यांतील एखादे पुस्तक पुढील वर्षी निघालेले आढळले, तर हातातील प्रत पहिली नव्हे हे उघड होते. या पाच खुणा एकमेकींशी जुळल्या म्हणजेच निर्णय करावा. एकीवर विसंबू नये.

परंतु या साऱ्या खुणा बांधीव पुस्तकांच्या झाल्या. सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्रास जो सर्वांत बुलंद आवाज दिला, तो या खुणांत मावत नाही. बार्शीस १९१६ साली एका गरीब घरात जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल हे पुढे शाहीर अमर शेख या नावाने अजरामर झाले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे आणि पहाडी आवाज एवढ्या सामग्रीवर हजारोंच्या सभा त्यांनी जिंकल्या. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा १९४३ चा. वाटेगावात जन्मलेल्या आणि शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या पुरुषाने दूरच्या रशियन नगराचे युद्ध मुंबईच्या कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर या शाहिरांवाचून सभा सुरूच होत नसे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

अमर शेखांचे ‘अमरगीत’ १९५१ साली, ‘कलश’ १९५८ साली आणि ‘धरतीमाता’ १९६३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जो आवाज कित्येक वर्षे मैदाने गाजवीत होता, त्याला पुस्तकाचे रूप फार उशिरा आले. येथे पुस्तक हे उगम नसून साठवण आहे. उगम होता तो सभेत. त्या सभेची जाहिरात करणारा भिंतीवरचा कागद, श्रोत्यांत दोन पैशांना विकलेली गीतांची चोपडी, कुणा कार्यकर्त्याने पेन्सिलीने उतरून घेतलेले कडवे, हेच शाहिरी काव्याचे खरे आद्य मुद्रण होय. १९६९ साली अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने, १८ जुलैस अण्णाभाऊ आणि २९ ऑगस्टला अमर शेख, असे दोघेही शाहीर निवर्तले. त्यांचा आवाज ऐकलेली पिढीही आता विरळ होत चालली आहे. त्यामुळे त्या चोपड्यांचे मोल दिवसेंदिवस वाढते आहे आणि त्या नष्ट होण्याचा वेगही वाढतोच आहे, कारण त्यांना पुस्तक म्हणावे असे कोणास वाटत नाही. घर आवरताना वामनपंडितांची प्रत फडताळात राहते आणि शाहिराची चोपडी तागडीत जाते.

सोलापुरात संग्रह करू पाहणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. त्याने मराठीपाशी थांबू नये. ज्या गिरणीच्या फाटकाबाहेर मराठी पोवाडा झाला, त्याच फाटकातून तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, कानडी बोलणारा लिंगायत कारागीर आणि उर्दू बोलणारा मोमीन बाहेर पडत होता. निजामाच्या राज्याची सरहद्द या जिल्ह्यास लागूनच होती. त्या राज्याच्या राजधानीत मख्दूम मोहिउद्दीन यांचा ‘सुर्ख सवेरा’ हा उर्दू संग्रह १९४४ साली निघाला. तेलुगू कवी श्री श्री यांचे ‘महाप्रस्थानम्’, ज्यातील कविता मुख्यतः १९३०–४० च्या काळातील, १९५० साली ग्रंथरूपाने आले. बंगालमध्ये काझी नझरुल इस्लाम यांच्या ‘बिषेर बांशी’ व ‘भांगार गान’ या १९२४ च्या संग्रहांवर सरकारने बंदी घातली होती. हे ग्रंथ ‘विशाखा’ आणि ‘कलश’ यांच्या शेजारी ठेवले, म्हणजे एकाच काळात एकच वेदना किती लिप्यांतून व्यक्त होत होती, हे एका दृष्टिक्षेपात कळते. चार हुतात्म्यांच्या गावाला असा चौभाषी खण अधिक शोभून दिसेल.

संग्रह झाला म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. सोलापूरची हवा कोरडी. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. युद्धकाळातील आम्लयुक्त कागद अशा हवेत ठिसूळ होतो आणि पान उलटताच कोपरा हातात येतो. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर पुस्तके ठेवणे म्हणजे त्यांना भट्टीत घालणे होय. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरावा. तिचा गोंद काही वर्षांत तांबूस डाग पाडतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ यांनीच दुरुस्ती करावी. कसर लागू नये म्हणून पुस्तके वरचेवर झाडून, उलगडून, हवा देऊन ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ वेष्टण फेकून नवे पुठ्ठे बांधण्याचा उत्साह करू नये. किंमत, मुद्रक, जाहिरात हे सारे पुरावे पुष्कळदा त्या वेष्टणावरच असतात.

मागील मालकाच्या खुणाही पुसू नयेत. स्वच्छ, कोऱ्या प्रतीला बाजारात भाव अधिक मिळतो, हे खरे. परंतु चळवळीच्या काव्याची कोरी प्रत ही एका अर्थाने न वाचलेली प्रत होय. जिच्यावर कुणा विद्यार्थ्याने ऑगस्ट १९४२ ची तारीख घातली आहे, जिच्या समासात कडव्यांपुढे फुल्या मारल्या आहेत, जिच्यावर कामगार वाचनालयाचा पुसट शिक्का आहे, ती प्रत कवितेबरोबर तिच्या वाचकाचाही इतिहास सांगते. संग्राहकाने पृष्ठांवर नवे काहीही न लिहिता, निराळ्या वहीत प्रत कोठून आली, कोणाच्या घरची, कोणत्या साली मिळाली, एवढे नमूद करून ठेवावे. त्या वहीवाचून संग्रह म्हणजे नावगाव नसलेल्या माणसांची गर्दी.

शेवटी प्रश्न उरतो तो मालकीचा. जे काव्य चौकात, सर्वांसाठी गायिले गेले, ते एका गृहस्थाच्या कुलूपबंद कपाटात राहावे काय? संग्राहकाच्या हयातीत ते तेथे सुरक्षित असते, हे कबूल करावे लागेल. सार्वजनिक ग्रंथालयांत जुन्या पुस्तिका नेहमीच नीट सांभाळल्या जातात असे नाही. तथापि त्याच्या पश्चात काय घडते हे सर्वश्रुत आहे. वारसांना त्या कागदांचे मोल ठाऊक नसते आणि आयुष्यभर जमविलेला संग्रह एका सकाळी वजनावर जातो. यावर उपाय अवघड नाही. हयातीतच संग्रहाची यादी करावी; तिची एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्यावी; दुर्मीळ पुस्तिकांची छायाचित्रे घेऊन ती अभ्यासकांना खुली करावी; आणि मूळ ग्रंथ कोणत्या संस्थेकडे जावेत, हे लेखी नमूद करून ठेवावे. भारतात १९५४ च्या कायद्याने नव्या ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. परंतु चोपड्या आणि पत्रके त्या जाळ्यातून बहुधा निसटतात. ती गाठून ठेवण्याचे काम घराघरांनीच करावयाचे आहे.

म्हणून यंदा दिवाळीपूर्वी माळा झाडावयास काढला जाईल तेव्हा, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी, प्रत्येक कुटुंबाने आजोबांच्या ट्रंकेतील सोळा-वीस पानांच्या चोपड्या एकवार बाजूला काढाव्यात आणि त्यांवरील शक, किंमत व मुद्रकाचे नाव वाचून पाहावे. परकीय सरकारने जप्त करूनही जे संपले नाही, ते काव्य आपल्या घरच्या साफसफाईत संपू नये.